केंद्र सरकारची ‘सूचना पाठवा’ सर्व्हिस: पोच मिळते, उत्तर मिळत नाही

सर्व्हिस: केंद्राच्या धोरणात काय बदलायला पाहिजे ते सामान्य माणसाने सरकारला सांगणे. किंमत: फुकट, नंतर माहिती अधिकार टाकायची वेळ आली तर 10 रुपये. दुसरी कंपनी मार्केटमध्ये नाही, त्यामुळे आवडलं नाही म्हणून पोर्ट करून जायची सोय नाही. माझं रेटिंग पाचपैकी अडीच. आणि हे अडीच मी रागाने दिलेले नाहीत, काही ठिकाणी ही सर्व्हिस खरंच भारी चालली आहे, प्रॉब्लेम एवढाच की कधी चालेल आणि कधी नाही हे देणाऱ्याच्या मूडवर आहे.

गेली काही वर्षं मी अधूनमधून हे उद्योग करतो. कुठला मसुदा आला की वाचायचा, त्यावर पानभर लिहायचं, पाठवायचं. घरचे हसतात. हसू देत. ग्रुपवर ‘देश सुधारायचा असेल तर फक्त या पाच गोष्टी करा’ असले मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा हे बरं, निदान योग्य टेबलावर तरी जातं.

पहिली गंमत तर दारातच आहे. बहुतेक लोक सरकारला काही सांगायचं म्हटलं की सीपीजीरॅम्सवर जातात, कारण नाव ऐकलेलं असतं. ते तक्रारीसाठी एकदम व्यवस्थित पोर्टल आहे, नोंदणी नंबर मिळतो, 2024 च्या नव्या सूचनांनुसार 21 दिवसांत निकाली काढायचं बंधन आहे, समाधान नाही झालं तर अपील आहे. पण तिथेच कुठल्या गोष्टी घेतल्या जाणार नाहीत त्याची यादी आहे, त्यात कोर्टात चालू असलेली प्रकरणं, घरगुती भांडणं, माहिती अधिकाराचे विषय यांच्या रांगेत ‘सूचना’ पण बसलेल्या आहेत. म्हणजे पेन्शन अडकली तर तीन आठवड्यात कोणीतरी बघणार, पण पेन्शन अडकूच नये म्हणून नियमात काय बदलायचं हे सांगायला गेलात तर हे काउंटर नाही, पुढे चला.

पुढे म्हणजे मायगव्ह, लोकांकडून कल्पना आणि मतं मागवायची केंद्राची वेबसाइट. 26 जुलै 2014 ला सुरू झालं, कल्पना चांगली होती आणि सुरुवात पण जोरात झाली. स्वच्छ भारतचा तो गांधीजींच्या चष्म्याचा लोगो इथल्याच स्पर्धेतून आला, काढणारे आपले कोल्हापूरचे. दरवर्षी बजेटच्या आधी अर्थमंत्रालय सूचना मागवतं, ‘मन की बात’साठी विषय मागवतात, अकाउंट उघडायला दोन मिनिटं लागतात. वापरायला सोपं म्हणून पूर्ण मार्क. पण लोगो, घोषवाक्य, क्विझ, प्रतिज्ञा, सर्टिफिकेट डाउनलोड करा, या बाजूला गर्दी जास्त आणि धोरणाची चर्चा असते तिथे हजारो कमेंट एकाखाली एक पडलेल्या, त्यातल्या कितीतरी ‘जय हिंद’ आणि ‘माझ्या गावात रस्ता नाही’. आता रस्त्याची अडचण खरी आहे हो, पण ती आयात शुल्काच्या चर्चेखाली लिहून कोणाला दिसणार. आणि ज्याने खरंच अभ्यास करून चार परिच्छेद लिहिले त्याचं काय झालं हे त्याला कळायची सोयच नाही. देवळातल्या दानपेटीत चिठ्ठी टाकावी तसं आहे, टाकल्याचं समाधान पूर्ण, पुढचं देवाला माहीत.

आता या सगळ्या सर्व्हिसमधला खरा माल, जो फार लोकांना माहीतच नाही. 2014 च्या फेब्रुवारीत कायदा मंत्रालयाने सगळ्या खात्यांना एक धोरण पाठवलं, कायदा करण्याआधी लोकांशी सल्लामसलत करायचं. त्यात लिहिलंय की कुठल्याही विधेयकाचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यायचं, हा कायदा का पाहिजे, खर्च किती, पर्यावरणावर, मूलभूत हक्कांवर, लोकांच्या पोटापाण्यावर परिणाम काय, हे सांगायचं. आलेल्या सूचनांचा गोषवारा वेबसाइटवर टाकायचा, विधेयक स्थायी समितीकडे गेलं तर तिच्यासमोर पण ठेवायचा. वाचताना वाटतं अरे वा, अजून काय पाहिजे! कागदावर पाच स्टार.

पण हा कायदा नाही, नुसतं धोरण आहे, खात्याला वाटलं की शक्य नाही तर कॅबिनेट नोटमध्ये कारण लिहायचं आणि पुढे जायचं. ती नोट आपल्याला दिसत नाही. 2020 चे तीन कृषी कायदे आठवा, 5 जूनला थेट वटहुकूम आले, सप्टेंबरमध्ये संसदेत मंजूर, मसुदा लोकांसमोर 30 दिवस ठेवणं वगैरे नाहीच. नंतर वर्षभर दिल्लीच्या वेशीवर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेतले. कायदे चांगले का वाईट यात मी पडत नाही, माझे दोन मित्र त्यावरून अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. पण जो वाद महिनाभर कागदावर झाला असता तो रस्त्यावर झाला, आणि ज्यांना कायद्यातल्या चांगल्या गोष्टी हव्या होत्या त्यांच्या हातातून त्या पण गेल्या.

संसदेत गेल्यावर समिती बघेल असं म्हणावं तर तिथे पण उतार आहे. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांनुसार 15 व्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समितीकडे गेली होती, 17 व्या लोकसभेत 16 टक्के. समितीकडे गेलं की पेपरात जाहिरात येते, लेखी निवेदनं मागवतात, नागरिकाला आत जायला ती एक खिडकी असते. तीच बारीक होत चाललीय.

बरं, आता चांगली चाललेली उदाहरणं सांगतो नाहीतर म्हणाल हा नुसता रडतोय.

बीटी वांगं, म्हणजे जनुक बदललेलं. ऑक्टोबर 2009 मध्ये जीईएसीने (असल्या पिकांना मंजुरी देणारी केंद्राची समिती) हिरवा कंदील दाखवला होता, पर्यावरणमंत्री जयराम रमेश म्हणाले थांबा, मी लोकांना विचारतो. मग जानेवारी-फेब्रुवारी 2010 मध्ये सात शहरांत सभा, त्यात आपलं नागपूर पण होतं, मिळून जवळपास आठ हजार लोक आले, शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणं कंपन्या, ग्राहक संघटना, आरडाओरडा भरपूर झाला. 9 फेब्रुवारीला निर्णय, स्थगिती. माझ्या मते स्थगिती बरोबर होती का यावर वाद होऊ शकतो, बरेच शेतीवाले आजही म्हणतात की तंत्रज्ञान अडवलं. पण निर्णयासोबत सविस्तर टिपण बाहेर आलं, कोण काय म्हणालं, राज्यांनी काय कळवलं, शास्त्रज्ञांचं काय मत, आणि मंत्र्याने त्यातून हा निष्कर्ष का काढला. ज्यांच्या विरोधात गेला त्यांना निदान कळलं तरी की का गेला. मला एवढंच पाहिजे आहे, दुसरं काही नाही.

दुसरं उदाहरण ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं. मार्च 2015 मध्ये इंटरनेटवरच्या सेवांवर काय नियम असावेत यावर 118 पानांचा कन्सल्टेशन पेपर आला, 20 प्रश्न, भाषा अशी की वकिलाला पण चहा लागेल. काही स्वयंसेवकांनी त्याची सोपी उत्तरं बनवली, वेबसाइट केली, आणि दहा लाखांच्या वर ईमेल गेले. ट्रायने ते सगळे ईमेल जाहीर केले, पाठवणाऱ्यांच्या ईमेल आयडीसकट! तेवढा भाग डोक्याला हात लावण्यासारखा. पण पुढे डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या साइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावण्याबद्दल वेगळा पेपर काढला, फेसबुकने फ्री बेसिक्ससाठी (ठराविक साइट फुकट देणारी त्यांची सेवा) आपल्या युजर्सकडून लाखो छापील उत्तरं पाठवली, तर ट्रायने सरळ म्हटलं की यात आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. 8 फेब्रुवारी 2016 ला नियम आले, भेदभाव करणारे डेटा दर बंद, फ्री बेसिक्स भारतातून गेलं. यातून शिकायचं काय तर एकसारखे दहा लाख ईमेल दबाव आणतात, मान्य, पण नियमाच्या कागदात जागा मिळते ती नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणाऱ्यांना. आणि ट्रायला हे का जमतं, तर त्यांच्या कायद्यातच पारदर्शकतेचं कलम आहे, 11(4). मंत्रालयांवर असं कलम नाही.

याच्या बरोबर उलटं बघायचं तर डेटा संरक्षणाचे नियम. जानेवारी 2025 मध्ये मसुदा आला, सूचना मायगव्हवर मागवल्या आणि सोबत सांगितलं की तुमच्या सूचना आम्ही विश्वासाने जपून ठेवू, कोणालाही कधीही दाखवणार नाही. लोकांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून. अहो पण मला कळायला नको का मोठ्या कंपन्यांनी कुठलं कलम पातळ करायला सांगितलं आणि सरकारने ऐकलं का? नागरिकाने पाठवलेलं गुप्त राहिलं काय नि नाही राहिलं काय. ज्याची लॉबी आहे त्याला गुप्ततेचा फायदा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. इथे एक स्टार, तोही फॉर्म नीट चालतो म्हणून.

भाषेचं तर विचारूच नका. 2020 चा पर्यावरण आघात मूल्यांकनाचा (खाणीसारख्या प्रकल्पाचा पर्यावरणावर परिणाम तपासायच्या नियमांचा) मसुदा, ऐन लॉकडाऊनमध्ये, इंग्रजी आणि हिंदीत. खाण कोणाच्या शेताशेजारी होणार आणि मसुदा कुठल्या भाषेत. 30 जूनला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांत भाषांतर करून टाका, मुदत पण 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. यावर सरकारने काय केलं, तर भाषांतराच्या आदेशाविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. भाषांतराला जेवढा खर्च आला असता त्यापेक्षा वकिलांना कमी लागला असेल का, मला शंकाच आहे.

एका मंत्रालयाला (नाव जाऊ दे) मी मराठीत सूचना पाठवली होती, सोबत इंग्रजी भाषांतर जोडून, तर ईमेल बाउन्स, मेलबॉक्स फुल. मुदतीचा शेवटचा आठवडा होता. स्पीड पोस्टने पाठवलं, त्याची पोच आली, बारनिशीत शिक्का पडला एवढं पक्कं. त्यापुढे शांतता. मसुद्याचा अंतिम नियम झाला तेव्हा मी ज्यावर लिहिलं होतं ते कलम जसंच्या तसं होतं, म्हणजे माझं म्हणणं फेटाळलं असणार. हरकत नाही, फेटाळा की, पण एक ओळ तर लिहा.

आता कमी वापरलेला पण मला सगळ्यात आवडलेला रस्ता, संसदेची याचिका समिती. लोकसभेला वेगळी, राज्यसभेला वेगळी. ठरलेल्या नमुन्यात, सभ्य भाषेत लिहायचं (हे नियमातच आहे), हिंदी किंवा इंग्रजीत, कोर्टात चालू असलेला विषय नको. एकदा दाखल करून घेतली की समिती मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारते, मग त्यांना उत्तर द्यावंच लागतं. वन रँक वन पेन्शनचं (सारखा हुद्दा, सारखी सेवा तर सारखी पेन्शन) बघा, राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर 2011 मध्ये अहवाल दिला की द्यायला पाहिजे, अध्यक्ष होते भगतसिंग कोश्यारी, हो तेच, नंतर आपल्याकडे राज्यपाल होते ते. प्रत्यक्ष आदेश निघाला नोव्हेंबर 2015 मध्ये आणि मध्ये माजी सैनिकांना आंदोलनं करायला लागली ती वेगळीच, म्हणजे स्पीडच्या नावाने बोंब. पण अहवाल छापील राहिला आणि प्रत्येक सरकारसमोर आपटता आला. साडेतीन स्टार.

खासदार हा पण एक चॅनल आहे बरं का, पण ‘साहेब विधेयक आणा’ म्हणून जाऊ नका. खाजगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेली) स्वातंत्र्यापासून फक्त 14 मंजूर झाली, शेवटचं 1970 मध्ये. त्यापेक्षा लेखी प्रश्न तयार करून द्या. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, खासदाराच्या ऑफिसला चांगले प्रश्न हवेच असतात, पीए लोक खूश होतात. उत्तरात मंत्री ‘विचार करू, बघतो’ म्हणाले की ते आश्वासन धरलं जातं आणि त्यासाठी वेगळी आश्वासन समिती आहे, तीन महिन्यांत पूर्ण करायची अपेक्षा असते. ही ट्रिक जुन्या कार्यकर्त्यांना पाठ असते, आपल्याला कोणी सांगत नाही.

आणि माहिती अधिकार. 10 रुपये, 30 दिवस. इथे लोक हमखास चुकतात, ‘माझी सूचना का मान्य केली नाही’ असं विचारतात. ‘का’ ला उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही, कागद द्यायला बांधील आहे. म्हणून असं लिहायचं की अमुक तारखेच्या माझ्या पत्रावर फाइलमध्ये झालेल्या टिपण्यांच्या प्रती द्या, आणि या मसुद्यावर आलेल्या सर्व सूचनांचा गोषवारा तयार केला असल्यास त्याची प्रत द्या. निम्म्या वेळी कळतं की टिपणीच नाही, पत्र नुसतं फाइलला लावलंय. तेही कळलेलं बरं असतं. चार स्टार याला, आणि विसरू नका की हा कायदाच मुळात लोकांनी सुचवलेला आहे, राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनवाया 1994 पासून, आपल्याकडे अण्णांची आंदोलनं आणि 2002 चा राज्याचा कायदा, मग 2005 ला केंद्राचा. रोजगार हमीचंही तसंच, वि. स. पागे यांनी तासगावकडे विसापुरात छोटा प्रयोग केला, राज्याचा कायदा 1977 मध्ये, देशाचा 2005 मध्ये. म्हणजे खालून वर जातं, जात नाही असं नाही. पण यातलं काहीच फॉर्म भरून गेलेलं नाही, हे पण खरं.

काय सुचवावं याबद्दल एक सांगतो. कायदा बदला, घटना बदला असलं मोठं मागितलं की फाइल हलतच नाही. नियम, अधिसूचना, परिपत्रक या लेव्हलला मागा. झेरॉक्सवर गॅझेटेड ऑफिसरची सही घ्यायला फिरायचो आठवतंय? ते सेल्फ अटेस्टेशनने गेलं, त्याला संसद लागली नाही. केंद्राच्या खालच्या पदांचे इंटरव्ह्यू 1 जानेवारी 2016 पासून बंद झाले, तेही आदेशानेच. कुठल्या नियमातला कुठला शब्द काढायचा, त्याजागी काय घालायचं, खर्च वाढतो का कमी होतो, एवढं एका पानात. आणि आधी राज्यघटनेचं सातवं परिशिष्ट उघडून विषय केंद्राचा आहे का राज्याचा ते बघा, पोलीस आणि पाणीपुरवठ्याची पत्रं दिल्लीला पाठवून उपयोग नाही, ती तुमच्याच राज्याकडे वळवली जाणार.

आता या सर्व्हिसमध्ये सुधारणा काय हव्यात ते, कारण सूचना द्यायच्या सर्व्हिसला सूचना दिली नाही तर रिव्ह्यू अपुरा. 2014 चं ते धोरण कायदा करून टाका, 30 दिवस बंधनकारक, अपवाद करायचा तर कारण त्याच दिवशी वेबसाइटवर. वटहुकूम असेल तर तो विधेयक म्हणून सभागृहात यायच्या आधी मसुदा लोकांसमोर. सगळ्या खात्यांचे चालू मसुदे एका पानावर, शेवटच्या तारखेसकट, आत्ता प्रत्येक मंत्रालयाच्या वेबसाइटवर ‘व्हॉट्स न्यू’मध्ये टेंडर आणि बदल्यांच्या आदेशांच्या मधे शोधत बसावं लागतं. मराठीत टिपण, अख्खा मसुदा नसेल जमत तर नको, चार पानांचं टिपण तरी.

पण एकच मिळणार असेल तर मी उत्तराचा तक्ता मागेन. पहिल्या रकान्यात कलम, दुसऱ्यात त्यावर आलेल्या हरकती एकत्र करून, तिसऱ्यात मान्य किंवा अमान्य, चौथ्यात कारण. बास. वक्फ दुरुस्ती विधेयकावर संयुक्त समितीकडे 97 लाखांच्या वर निवेदनं आली, एवढी कोण वाचणार हा प्रश्न बरोबर आहे, पण त्यात वेगवेगळे मुद्दे किती असतील, शंभर? दोनशे? एवढ्या मुद्द्यांना एकेक ओळ लिहायला मंत्रालयात माणसं आहेत. प्रत्येकाला वेगळं पत्र नका पाठवू, एक पीडीएफ टाका. ब्रिटनमध्ये संसदेच्या ऑनलाइन याचिकेवर 10,000 सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं, एक लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आपल्याला सह्यांचा आकडा वाढवून घ्या हवं तर, पण आकडा ठरवा. आत्ता किती लोकांनी म्हटलं की सरकारला ऐकावं लागतं हे कोणालाच माहीत नाही. 2019 च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यातली बिगर-हिंदी राज्यांत हिंदी शिकवायची ओळ 31 मे ला बाहेर आली आणि तमिळनाडू पेटल्यावर 3 जूनला बदलली, तीन दिवसांत! बाकी सूचनांसाठी रीतसर मुदत होती, ती ओळ बदलायला तिची वाट बघावी लागली नाही. मग लोक फॉर्म भरायचा सोडून रस्त्यावरच जातात, त्यांचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही.

कोणी वापरावी: ज्यांना एका विषयातलं खरंच खोल माहीत आहे, रिटायर्ड बँकवाले, सीए, नर्स, शिक्षक, ड्रायव्हर, ज्यांना नियम कुठे अडतो ते रोज दिसतं. कोणी वापरू नये: ज्यांना लगेच रिप्लाय लागतो. मी स्वतः वरचा तक्त्याचा मुद्दा याचिकेच्या नमुन्यात टाइप करतोय, इंग्रजी करून देणारं कोणी मिळालं की राज्यसभेला पाठवणार. कोणाला सोबत सही करायची असेल तर खाली लिहा, आणि ज्यांनी आधी याचिका दाखल केलीय त्यांनी नमुन्यात नेमकं कुठे अडकतं ते सांगा.